उजळणीच्या वहीतल्या अकरा चुका

ही गोष्ट मी पन्नासहून अधिक वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एकदा माइक हातात आला, तेव्हाही जीवशास्त्राच्या सरांनी खडूने काढलेल्या आकृत्यांचं कौतुक करून खाली बसलो. मागच्या महिन्यात नात विज्ञानाची उजळणी करत होती. तिने विचारलं, "आजोबा, मिठाच्या पाण्यात पेशी ठेवली तर ती फुगते की आक्रसते?" मी उत्तर न देता गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आम्ही शांती नगरात राहतो. समोरच्या इमारतींच्या जागी एके काळी मिठागरं होती, हे मी तिला पुष्कळदा सांगितलं आहे. पण या प्रश्नाचं उत्तर मी एकदा जाणूनबुजून खोटं दिलं होतं, हे सांगितलं नव्हतं. ते आता लिहून ठेवतो.

माझे वडील रत्नागिरीकडून आलेले, भाईंदरच्या एका मिठागरावर मुकादम होते. आम्ही नवघरला दोन खोल्यांत राहत होतो आणि शाळा रेल्वे फाटकाच्या पलीकडे होती. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची. वर्गात माझा पहिला नंबर कधी चुकला नाही. अक्षर सुरेख, आकृत्या नेटक्या, शर्टाला इस्त्री आणि खिशात आईने चौघडी घालून दिलेला पांढरा रुमाल. त्या रुमालाचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

अकरावीच्या दिवाळीनंतर जीवशास्त्राच्या सरांनी माशाची श्वसनसंस्था शिकवायला घेतली. वर्गात मागच्या बाकावर खाडीकाठच्या कोळीवाड्यातला एक मुलगा बसायचा. वडील वारलेले, आई मासळी खारवून, सुकवून विकायची. सरांनी त्याला एक ताजं बोईट आणायला सांगितलं होतं. त्याने ते पानात गुंडाळून आणलं नि टेबलावर ठेवलं. सरांनी सुरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, श्वसनाचं इंद्रिय दाखव.

मला पुस्तकातली आकृती पाठ होती. पण पुस्तकातला मासा डावीकडे तोंड करून होता आणि टेबलावरचा उजवीकडे. घरी आई मासे साफ करायला बसली की मी पुस्तक घेऊन बाहेर जायचो. माशाच्या आत काय असतं ते मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मी घाबरून सरळ पोटच फाडलं, आत एक पांढरी, हवेने फुगलेली पिशवी लागली, ती बाहेर काढली आणि मोठ्याने म्हणालो, "फुफ्फुस."

मागच्या बाकावरून तो म्हणाला, "सर, आता याला माशाचा नाक बी पुसाया सांगा. रुमाल हाय त्याच्या खिशात."

वर्ग हसला. सर एवढे हसले की त्यांना खडू खाली ठेवावा लागला. मग त्याला पुढे बोलावलं. त्याने येऊन माशाच्या गालाशी अंगठा घातला, झाकण उचललं आणि लाल कल्ले दाखवले. दोन सेकंदांचं काम. माझ्या हाताला बोइटाचं रक्त लागलं होतं नि ते पुसायला मी, मूर्खासारखा, खिशातून रुमाल काढला. दुसऱ्यांदा हसू उसळलं ते पहिल्यापेक्षा मोठं होतं.

त्या दिवसापासून माझं नाव रुमाल पडलं. आठवीतली पोरं फाटकापाशी "ए रुमाल" म्हणून हाक मारायची. मुलींच्या रांगेवरून गेलो की दोघी-तिघी पदर नाकाला लावायच्या. ज्याने हे नाव दिलं तो स्वतः चार दिवसांत ते विसरून गेला. मला पूर्वीसारखीच माझ्या नावाने हाक मारू लागला. याचाच मला सर्वांत जास्त राग होता. माझा कायमचा अपमान करून त्याला त्याची आठवणही नसावी. मी मनातल्या मनात त्याला रोज काहीतरी करायचो. कधी त्याचा पाय चिखलात अडकायचा आणि भरती चढायची. कधी तो सरांसमोर फळ्यापाशी उभा असायचा नि त्याला काही येत नसायचं. आज सत्तरी ओलांडल्यावरही तो हशा कानात घुमला की माझ्या मुठी आवळतात, आणि हे मी लपवणार नाही.

माझी वेळ फेब्रुवारीत आली. पूर्वपरीक्षेत तो फक्त विज्ञानात नापास झाला. त्याच संध्याकाळी तो नवघरला आमच्या दारात उभा राहिला, हातात सुक्या बोंबलांची जुडी.

"बाकी सगल्यात पास हाय," तो म्हणाला. "सायन्सात मरतो. मना उजळणी करून देशील? पुस्तक न्हाय. होतं ते होडीत भिजला."

मॅट्रिक झाला तर मच्छीमार खात्याच्या प्रशिक्षणाला जायचं, इंजिनाची बोट चालवायला शिकायचं, असं त्याच्या घरात ठरलं होतं. तिथे मॅट्रिक पासच घेत. बाप वल्ही मारून गेला, तू इंजिनवाला हो, असं त्याची आई म्हणायची. त्यांच्या वाड्यात तोवर कोणी मॅट्रिक झालेलं नव्हतं. हे सगळं त्याने आमच्या उंबऱ्यावर बसून, माझ्या आईला सांगितल्यासारखं सांगितलं. आईने बोंबील घेतले आणि मला म्हणाली, "शिकव रे त्याला नीट. बापाविना पोर आहे."

मी हो म्हटलं. इतक्या उत्साहाने म्हटलं की आईला माझा अभिमान वाटला.

मी त्याच्यासाठी उजळणीची एक वही तयार केली. पेशीपासून सुरुवात, मग ऊती, वनस्पती, पचन, रक्ताभिसरण, आनुवंशिकता आणि शेवटी परिसंस्था. तांबड्या शाईने मथळे, निळ्या शाईने मजकूर, पट्टीने ओढलेल्या रेघा. इतकी सुंदर वही मी स्वतःसाठीही कधी केली नव्हती. आणि त्या वहीत मी अकरा ठिकाणी खोटं लिहिलं. सगळं खोटं लिहिलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी कोणाला तरी विचारलं असतं. मी सरांच्या आवडीचे, दरवर्षी येणारे प्रश्न निवडले आणि फक्त तिथेच उलटापालट केली. रोहिण्या रक्त हृदयाकडे आणतात नि नीला बाहेर नेतात. माशाच्या हृदयाला दोनाऐवजी तीन कप्पे. मुळांनी शोषलेलं पाणी रसवाहिन्यांतून वर चढतं आणि पानांतलं अन्न जलवाहिन्यांतून उतरतं. बुरशी उत्पादकांत. माझा मात्र गोंधळ होऊ नये म्हणून मी माझ्या पुस्तकात त्या अकरा ओळींशेजारी पेन्सिलीने बारीक ठिपके दिले. ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. ठिपकेही आहेत.

आमची उजळणी भरती-ओहोटीवर ठरायची. ओहोटीला तो जाळं घेऊन खाडीत असायचा, पाणी चढलं की मोकळा. त्यामुळे आमची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकायची आणि फार पुढे गेली की पुन्हा सकाळवर यायची. भेटायचो वडिलांच्या मिठागरावर. तेव्हा मीठ काढण्याचे दिवस होते. कप्प्याकप्प्यांतून पाणी आटत आलेलं, बांधाशेजारी पांढरे ढीग. आम्ही बांधावरून चालत फेऱ्या मारायचो. मी विचारायचो, तो सांगायचा. एका कप्प्याच्या चारी बाजूंनी फिरलो की एक प्रश्न संपायचा. पेशी शिकवताना मी त्याला म्हणालो, हा कप्पा म्हणजे पेशी, बांध म्हणजे पेशीभित्तिका. ते त्याला लगेच कळलं. आणि मग परासरण आलं.

वहीत मी लिहिलं होतं: पेशी मिठाच्या दाट पाण्यात ठेवली असता बाहेरचं पाणी पेशीत शिरतं आणि पेशी फुगते.

तो चालता चालता थांबला. "हे उलटा हाय."

"काय उलटं?"

"आय माशाला मीठ लावते ना, तवा माशातला पानी भायेर येतो. टोपलीखाली थारोला होतो. मासा सुकतो, फुगत न्हाय. आनि तुझ्या बापाच्या मानसांचे पाय बघ. मिठाच्या पान्यात राहून कसे सुकल्यात."

तो अगदी बरोबर सांगत होता. त्या क्षणी आमच्यासमोर पाच-सहा माणसं गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी राहून मीठ ओढत होती आणि त्यांच्या पोटऱ्यांची कातडी वाळक्या पानासारखी सुरकुतली होती. मी लहानपणापासून ती पाहत आलो होतो. मी सुटलो असतो तर तिथेच सुटलो असतो. अरे हो, माझी लिहिताना चूक झाली, एवढं म्हटलं असतं की पुरे होतं.

मी म्हणालो, "तुझी आई मॅट्रिक आहे का?"

त्याने वहीतली ती ओळ पुन्हा वाचली.

"घरचं वेगळं आणि पुस्तकातलं वेगळं असतं," मी म्हणालो. "परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं. तू घरचं लिहितोस म्हणून नापास होतोस."

त्याने मान हलवली. पुढच्या कप्प्याला वळसा घालेपर्यंत त्याने ते खोटं वाक्य तीनदा पाठ म्हटलं. त्या दिवसानंतर त्याने मला एकही शंका विचारली नाही. बाकीच्या दहा जागांसाठी मला काहीच करावं लागलं नाही. माशाच्या हृदयाचे तीन कप्पे त्याने, ज्याने आयुष्यात हजारो मासे चिरले होते त्याने, डोळे मिटून पाठ केले. मला त्याचा किती आनंद झाला म्हणून सांगू. मी बांधावरून घरी जाताना शीळ घालायचो. घरी त्याने आणलेली सुकट कांदा-कोकम घालून केलेली असायची आणि मी ती ताट चाटून खायचो.

शेवटचं प्रकरण परिसंस्थेचं. पुस्तकात तळ्याचं उदाहरण होतं: शेवाळ, किडे, बेडूक, साप, घार. माझ्या वहीतल्या तळ्यात बुरशी अन्न तयार करत होती. तो म्हणाला, तू मना एवढा शिकवतोस, चल, तुना एक गोष्ट दावतो. त्याने मला ओहोटीच्या वेळी खाडीवर नेलं. चिखलात तिवरांची पानं पडून कुजलेली, तीच खात किरवे, म्हणजे बारके खेकडे, बिळांतून वर येत होते. किरव्यांवर निवट्या, चिखलात उड्या मारणारे ते मासे, टपलेल्या, निवट्यांवर बगळे. त्याने एक कुजकं पान उचलून माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाला, हे कुजला न्हाय तर खाडीत मासाच न्हाय. कुजवणारा कोण ते दिसत न्हाय, पण सगला त्याच्यावर चालते. विघटकांचं काम मला तोवर कोणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. परत येताना माझा पाय खरोखरच चिखलात रुतला. मी दिवाळीपासून त्याच्यासाठी मनात जे रंगवलं होतं तेच माझं झालं. त्याने मला काखेत हात घालून ओढून काढलं, माझी चप्पल कोपरापर्यंत हात घालून शोधली आणि खाडीच्या पाण्यात धुऊन दिली.

मला वाटतं, कोणीही त्या संध्याकाळी विरघळला असता. मी नाही विरघळलो. उलट त्याने मला पुन्हा एकदा हास्यास्पद अवस्थेत पाहिलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

परीक्षेत परिसंस्थेवर प्रश्न आला. तुमच्या परिसरातील एका परिसंस्थेचं वर्णन करा. मी खाडी लिहिली. तिवर, किरवे, निवट्या, बगळा, कुजकं पान, त्याने सांगितलं तसं सगळं. बाहेर आल्यावर तो मला व्हरांड्यात भेटला, खुशीत होता.

"खाडीचा काय न्हाय लिवला," तो म्हणाला. "घरचा नको बोल्लास ना. तुझा तला लिवला. सगला वहीतला."

निकाल वर्तमानपत्रात नंबरांच्या रकान्यांत छापून यायचा. माझा नंबर होता. त्याचा नव्हता. पुढे गुणपत्रिका आल्या तेव्हा कळलं, तो एकट्या विज्ञानात गेला होता आणि थोडक्यात गेला होता. माझ्या अकरा ओळींमुळेच गेला, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण पेपरात त्यांतल्या सात तरी विचारल्या होत्या. मी त्या दिवशीच मोजल्या होत्या.

निकालाच्या दिवशी तो आमच्याकडे आला. मी त्याची वाटच पाहत होतो. चार महिने एक वाक्य घोटून ठेवलं होतं. तो उंबऱ्यावर बसला, डोळे लाल होते. मी खिशातून पांढरा रुमाल काढून त्याच्यासमोर धरला आणि म्हणालो, "आता रुमाल कोणाला लागला?"

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता कळेल. पण त्याला ती मासा चिरण्याची गोष्ट आठवलीसुद्धा नाही. त्याने रुमाल घेतला, डोळे पुसले, नाक पुसलं आणि म्हणाला, "तुझी मेहनत फुकट घालवली मी. आयला पन तेच वाईट वाटते. येवढी वही लिवून दिली पोराने." मग त्याने रुमाल धुऊन देतो म्हणून खिशात घातला.

असा माझा सूड पुरा झाला. ज्याच्यावर उगवायचा त्याला पत्ताच नव्हता.

तो पुन्हा परीक्षेला बसला नाही. माजा डोका पुस्तकाचा न्हाय, असं म्हणायचा, आणि ते त्याला मीच पटवलं होतं. त्याने बापाची होडी धरली. मी कॉलेजात गेलो, पुढे प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली. चार-पाच वर्षांनी एका रविवारी तो नवघरला आला. हातात ती वही, ब्राऊन पेपरचं कव्हर मासळीच्या वासाने भरलेलं. त्याची धाकटी बहीण आता त्याच शाळेत, त्याच सरांच्या हाताखाली होती आणि त्याने मोठ्या प्रेमाने वही तिला दिली होती. तिने त्यातलं उत्तर लिहिलं. सरांनी वही मागवून घेतली आणि लाल शाईने तपासून परत पाठवली.

आई घरात होती. तिने त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला, उभाच राहिला, आणि वही माझ्यापुढे धरली.

"अकरा ठिकानी चुकलायस," तो म्हणाला.

मी पानं उलटली. सरांनी एकही सोडली नव्हती. तो वाट पाहत होता. रागावलेला दिसत नव्हता. मला वाटतं, हुशार मुलगाही चुकतो एवढं मी म्हणावं आणि त्यानेही ते मान्य करावं, यासाठी तो आला होता. किंवा मी खरं सांगावं म्हणून. मला आजही ठरवता येत नाही.

"तेव्हाचं पुस्तकच तसं होतं," मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातली वही मिटली. मग खिशातून माझा तो रुमाल काढला, धुतलेला, चौघडी घातलेला, आणि वहीवर ठेवला. "आयचा मीठ बरोबर व्हता," एवढंच म्हणाला आणि गेला. आईने मला विचारलं, काय झालं रे? मी म्हणालो, काही नाही, जुनी वही परत करायला आला होता.

त्यानंतर आम्ही एकाच गावात चाळीसहून अधिक वर्षं राहिलो. तो बाजारात दिसला की मी रस्ता बदलायचो. निवृत्त झाल्यावर एकदा, एकदाच, मी त्याच्या वाड्यापर्यंत गेलो. वही पिशवीत होती. तो होडीशेजारी जाळं सांधत बसला होता, केस पांढरे, चष्मा दोरीने बांधलेला. त्याने मला ओळखलं. बस म्हणाला. नातवंडं किती, गुडघे कसे, असं काहीबाही बोललो. बाजूला त्याची सून मासळीला मीठ चोळत होती आणि टोपलीखालून पाणी ओघळत माझ्या चपलेपर्यंत आलं. त्याने ते पाहिलं, मी पाहिलं. निघताना त्याने कागदात बांधून चार सुके बोंबील दिले. मी घेतले. पुढच्या पावसाळ्याअखेर तो गेल्याचं कळलं.

नातीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. आक्रसते, म्हणालो, आतलं पाणी बाहेर येतं. तिने विचारलं, नक्की ना? मी तिला माशाचं उदाहरण सांगितलं. कोणाच्या आईचं, ते सांगितलं नाही.

त्याच्या वाड्यातून घरी परतताना जे मी वाटभर पुटपुटत आलो, आणि त्याच्यासमोर बसून अर्धा तास ज्याचा एक शब्द तोंडातून निघाला नाही, ते असं होतं: मिठागरावर मी तुला म्हणालो की घरचं वेगळं नि पुस्तकातलं वेगळं असतं. नव्हतं. पुस्तकात तुझ्या आईचंच लिहिलं होतं. ते मी वाचलं होतं, मला पाठ होतं, आणि तू बरोबर सांगत होतास हे मला त्याच वेळी माहीत होतं. चूक पुस्तकाची नव्हती. मला माफ कर.